ट्रकमागची अक्षरे आणि ट्रकमधला माणूस

१/ मालवाहू वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने २०१५ मध्ये मनाई केली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. आज ती अक्षरे टी-शर्टांवर मिळतात. ट्रकची पाटी आपण जपली; ट्रक हाकणाऱ्याचे दिवस कुणी लिहून ठेवले? आजचा धागा त्याविषयी.

२/ थोडी पार्श्वभूमी. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपुरातून पहिले ट्रक बाहेर पडले. १९६९ मध्ये करार संपला व ट्रकच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला. कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची अशोक लेलँड याच काळातल्या.

३/ वाहन आले, तरी रस्ता मोकळा नव्हता. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतूक परवान्याच्या चौकटीत बसवली. रेल्वेला स्पर्धा होऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. परराज्यात जायचे तर परवान्यावर तिथल्या अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे. राष्ट्रीय परवाना योजना आली ती १९७५ मध्ये.

४/ शिवाय जकात. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द ही नावे जुन्या चालकांच्या लेखी गावांची नव्हेत, रांगांची आहेत. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होताना संपली. किती कर जमा झाला, हे पालिकेच्या दप्तरात सापडते. रांगेत किती रात्री गेल्या, हे तिथे सापडत नाही.

५/ मग घाट. कसारा असो वा बोरघाट, भरल्या गाडीचे जड स्टिअरिंग, तापलेले इंजिन, आणि गाडी थांबताच चाकामागे दगड लावायला उडी घेणारा क्लीनर. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे जाण्याची रीत भाविकतेइतकीच भीतीचीही खूण आहे.

६/ आता कायदा काय म्हणत होता, ते पाहा. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सवलत देऊन अनुक्रमे १० आणि ५४. केवळ हे कलम वाचून इतिहास लिहिला, तर चालकाचे आयुष्य बरेच सुसह्य भासेल.

७/ परंतु हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच आपोआप लागू होता. ज्याच्याकडे एकच ट्रक, एक चालक आणि एक क्लीनर, तो मालक या कक्षेबाहेर. आपल्याकडील ट्रकव्यवसायाचा मोठा भाग अशाच छोट्या मालकांचा. म्हणजे ज्यांना संरक्षण हवे होते, त्यांतील बहुतेक जण चौकटीबाहेर राहिले.

८/ जिथे कायदा नाही, तिथे हजेरीपटही नाही. आणि हजेरीपट नाही, तिथे अभिलेखागार मुके होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जुन्या चालकांच्या आठवणी हे स्मरणरंजन नव्हे, तो श्रमाच्या इतिहासाचा प्राथमिक पुरावा आहे.

९/ यावर आक्षेप ठरलेला: स्मृती फसवी असते. मान्य. ‘तेव्हा रस्त्यावर माणुसकी होती’ हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारू नये. पण कागद तरी कुठे निष्पाप असतो? बिल्टी, परवाना, जकातीची पावती आणि आठवण एकमेकींशेजारी ठेवून तपासणे, हेच आपले काम.

१०/ प्रश्नही नेमके हवेत. ‘तेव्हाचा काळ कसा होता?’ असे विचारले, तर गोष्ट मिळते. ‘माल कुठे भरला? पहिला नाका कोणता? झोप कुठे झाली? परतीचे भाडे मिळेपर्यंत किती दिवस थांबलात? त्या दिवसांचा भत्ता कोणी दिला?’ असे विचारले, तर इतिहास मिळतो.

११/ आणि केवळ चालकाला विचारून भागणार नाही. क्लीनर म्हणून लागलेली पोरे, हुंडेकऱ्यांचे कारकून, आणि ‘गाडी कधी येणार’ हे ठाऊक नसताना घर चालवणाऱ्या बायका यांच्याविना ही नोंद अर्धीच राहील.

१२/ नव्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले ते १ ऑक्टोबर २०२५ पासून. जमशेदपुरातला पहिला ट्रक १९५४चा. मधली ७१ वर्षे ज्यांनी त्या उष्णतेत काढली, त्यांतील पहिल्या पिढीचे लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. जुने परवाने रद्दीत चालले आहेत. आपल्या गावात, गल्लीत असे कुणी आजोबा असतील, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, कागदांची छायाचित्रे काढा. पाटीचे जतन पुष्कळ झाले.