पलंगावरची तिसरी

रात्रीचे अडीच. बाहेर पुण्याची थंडी. आत ईएमआयवर घेतलेली गादी, दोन उशा, एक दुलई, मी, नवरा आणि... खारी. खारी म्हणजे आमची कुत्री. रंग चहाबरोबरच्या खारीसारखा, म्हणून नावही तेच. वजन सहा किलो. पण झोपल्यावर ते साठ किलो होतं, हे ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांना सांगायला नको! सहा बाय साडेसहाच्या पलंगावर ती बरोब्बर मधोमध आणि तीही आडवी झोपते. इंग्रजी एच काढून बघा. दोन उभ्या काठ्या म्हणजे आम्ही नवरा-बायको, मधली आडवी म्हणजे खारी. डोकं माझ्या पोटाशी, पाय त्याच्या बरगड्यांत. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या घरी नक्की पॉमेरियन असणार.

तर या आठवड्याचा प्रश्न : छोट्या कुत्र्याला पलंगावर घ्यावं की नाही?

हसू नका. ऑफिसात लंच टेबलवर हा विषय काढून बघा. अप्रेझलवर गप्प बसणारी माणसं यावर तावातावाने बोलतात. अर्धे म्हणतात, ‘शी, पलंगावर?’ उरलेले अर्धे मोबाइल काढून फोटो दाखवतात, उशीवर डोकं ठेवून झोपलेल्या पिल्लाचे.

खारी आली २०२१ साली. मी एकटी, वाकडचा वन बीएचके, वर्क फ्रॉम होम. दिवसाला आठ कॉल, पण खऱ्या माणसाशी बोलणं म्हणजे फक्त दूधवाल्याशी. पहिल्या रात्री तिला खोक्यात ठेवलं, तर तिने असा सूर लावला की खालच्या मजल्यावरून इंटरकॉम आला. म्हटलं, फक्त आजची रात्र. ही ‘फक्त आजची रात्र’ पुढे चार वर्षं चालली. दुकानदाराने ‘प्युअर पॉमेरियन’ म्हणून गळ्यात मारली होती. डॉक्टर हसले. आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं म्हणे. फॅशनचं काय, २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो पग मुलाच्या मागे चालला आणि घरोघरी पग आले. हच गेलं, पग राहिले. कुत्रं आणताना आपण जाहिरात बघतो, झोपायची व्यवस्था कुणी बघत नाही.

मग माझं लग्न झालं.

नवरा बिचारा सज्जन. लग्नाआधीच त्याने खारीला मंजुरी दिली होती. फक्त त्याची झोप सावध. खारीने कूस बदलली की हा जागा. तिने स्वप्नात पाय झाडले की हा जागा. कधी तक्रार नाही, हं. एकदा म्हणाला, ‘आज यूएसचा कॉल उशिरापर्यंत आहे, तू झोप, मी हॉलमध्ये पडतो.’ आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग चारदा. आधी त्याची उशी हॉलमध्ये गेली. मग पांघरूण. मग एके दिवशी पाहिलं, तर त्याच्या मोबाइलचा चार्जर सोफ्याशेजारच्या प्लगमध्ये. तुम्हाला सांगते, उशीचं काही नाही, पण चार्जर ज्या खोलीत, माणूस त्या खोलीत. तरीही मी स्वतःला सांगत राहिले, कॉल असतात ना!

गेल्या डिसेंबरमध्ये चार दिवस माहेरी गेले. बिद्रीला. कोल्हापुरातून गारगोटी रस्त्याला लागायचं, इस्पुर्ली मागे टाकायची, मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे बिद्री. आमच्या गावाची ओळख म्हणजे साखर कारखाना, दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या नावाचा. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास, रात्रभर ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची गाणी. नवऱ्याला सुट्टी नव्हती. खारी माझ्याबरोबर.

आईने दारातच फर्मान काढलं, ‘कुत्रं उंबऱ्याच्या आत न्हाई.’

‘अगं, पण ती माझ्याशिवाय झोपत नाही.’

‘मग तू बी झोप सोप्यात.’

वाद संपला. सोप्यात पोतं टाकलं, त्यावर आप्पांचं जुनं घोंगडं. मी माजघरात. कान बाहेर. आता रडेल, मग रडेल. बारा वाजले. एक वाजला. तीन वाजता राहवेना म्हणून उठून गेले, तर काय... आप्पा खाटेवर घोरताहेत, आणि खाली बाईसाहेब उताण्या, चारही पाय वर, गाढ झोपेत! दारावरून ट्रॅक्टर धडधडत गेला, हिने डोळासुद्धा उघडला नाही. श्वाननिद्रा सावध असते असं शाळेत शिकवलं होतं. इथे उलटं. कुत्रं झोपलेलं आणि मी टक्क जागी.

हा पहिला धक्का. माझ्याशिवाय झोपत नव्हतं ते कोण, हे त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले. कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड मजुरांच्या खोपी. दरवर्षी बीडकडून ही माणसं येतात, बैलं, भांडी, पोरं आणि कुत्री घेऊन. एका खोपीच्या तोंडाशी एक पोरगं आणि एक कुत्रं एकाच गोधडीत गुरफटलेलं. बाहेर दव. कुत्र्याच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास. म्हणजे ती चालती-फिरती हॉट वॉटर बॅगच! माणूस आणि कुत्रं एका पांघरुणात आलं ते बहुधा असंच, थंडीमुळे. तिथे ‘घ्यावं की नाही’ हा प्रश्नच नाही. प्रश्न पडायला आधी दोन पांघरुणं लागतात.

तिसऱ्या दिवशी आदमापूरला गेलो, बाळूमामांच्या दर्शनाला. आमच्यापासून अगदी जवळ. मामांची बकरी म्हणजे इकडे मोठी श्रद्धा. मामा १९६६ साली गेले, पण त्यांची मेंढरं आजही कळप करून गावोगाव फिरतात, त्या कळपांना बग्गे म्हणतात. येताना रानात एक कळप बसलेला दिसला. सभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि बाहेर कुत्री. मी तिथल्या धनगर आजोबांना सहज विचारलं, ‘ही रात्री कुठं झोपतात?’ ते म्हणाले, ‘हितंच की.’ मी खारीबद्दल सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘गादीवर झोपवल्यावर ते राखतंय काय?’

मी म्हटलं, ‘मला.’ ते हसले. मला मात्र नंतर गाडीत हसू आलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई माझ्याशेजारी शेंगा फोडत बसली होती. अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, ‘ही तुझ्या पलंगावर झोपती, तर जावईबापू कुठं झोपत्यात?’

‘कॉल असतात गं त्यांना. हॉलमध्ये.’

‘रोज?’

मी शेंगा फोडायला घेतल्या. आईपण फोडत राहिली. मग म्हणाली, ‘तू आमच्या मधी झोपायचीस. सात वर्सांची हुईस्तवर. रातीला लाथा मारायचीस. कारखाना चालू असला की आप्पांना पहाटंचं उठाय लागायचं, म्हणून गेलं सोप्यात. म्हटलं, पोर मोठी झाली की येतील आत. तू शाळंला गेलीस, कोल्हापूरला गेलीस, पुण्याला गेलीस. ते काय आत आलं न्हाईत. मी बी बोलावलं न्हाई.’

सोप्यातून आप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता. आयुष्यभर मला वाटत होतं, आप्पांना सोप्यात वारं चांगलं लागतं.

पुण्याला परतल्यावर मी तेच केलं जे आपण सगळे करतो. गुगल उघडलं! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ४० निरोगी माणसांच्या हातात आणि त्यांच्या कुत्र्यांच्या पट्ट्यात यंत्रं बांधून सात रात्री झोप मोजली. पलंगावर घालवलेल्या वेळापैकी खरोखर झोपेत किती वेळ गेला, त्याची टक्केवारी. कुत्रं खोलीत असताना माणसांची सरासरी ८१ टक्के निघाली. आणि ८० टक्क्यांच्या वर म्हणजे बरी झोप समजतात. मात्र कुत्रं त्याच खोलीत पण खाली झोपलं, तर झोप चांगली, आणि पलंगावर आलं की ती कमी. म्हणजे घोटाळा खोलीचा नाही, गादीचा आहे. आणि हे आकडे ज्यांना झोपेचा विकार नाही अशा माणसांचे. सावध झोपेच्या नवऱ्याचा हिशेब वेगळाच असणार.

मग डॉक्टरांकडे गेले. (खारीच्या. आमच्या नव्हे.) त्यांनी आधी माझी एक समजूत मोडली. पलंगावर घेतलं की कुत्रं स्वतःला मालक समजायला लागतं, ही जुनी थिअरी आता फारसं कुणी मानत नाही. पण तिला बाजूला सरकवताना ती गुरगुरत असेल, तर मात्र त्याच दिवशी पलंग बंद.

तुमच्याही कामाचं आहे म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते :

दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध, दरवर्षी रेबीजची लस आणि गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, हे तिन्ही होत नसेल तर पलंगाची चर्चाच नको. कुत्र्याकडून माणसाला जंत होतात, गजकर्ण होतं. त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो.

घरात कुणाला दमा असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर उत्तर सरळ नाही असं आहे. ‘आमच्या ब्रीडचे केस गळत नाहीत’ हेही चालणार नाही. अ‍ॅलर्जी होते ती कोंडा आणि लाळेमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्याला असते.

कुत्रं छोटं म्हणजे धोका छोटा, असंही नाही. चिमुकल्या जातींचे पुढचे पाय काडीसारखे असतात. उंच बॉक्स बेडवरून उडी मारताना ते मोडतात. पिल्लू असेल तर झोपेत आपणच अंगावर लोळण्याची भीती. घ्यायचंच असेल तर पलंगाला पायरी करा.

आणि तुम्ही एकटे राहता, कुत्रं निरोगी आहे, तुमची झोप छान लागते? मग खुशाल घ्या. लोक काय म्हणतील ते लंच टेबलवर म्हणू देत. मला त्या २०२१ मध्ये खारीनेच तगवलं होतं, ते मी विसरलेले नाही. पलंगावर दुसरं माणूस असेल तर मात्र त्याला विचारा. ‘चालेल’ म्हणाला तरी पुन्हा विचारा. आणि विचारताना चार्जर कुठे आहे ते बघा.

मी विचारलं. नवरा आधी म्हणाला, ‘अगं, कॉल असतात.’ मी म्हटलं, ‘रोज?’ मग तो बराच वेळ खारीच्या कानामागे खाजवत बसला आणि म्हणाला, ‘मला वाटलं, तुला तीच लागते.’

खारीचं अंथरूण आता जमिनीवर आहे, माझ्या बाजूला, हात खाली सोडला की डोक्यावर पोचेल इतकं जवळ. बिद्रीहून मागून आणलेलं घोंगडं त्यावर टाकलंय. पहिल्या रात्री तिने सात वेळा उडी मारली, मी सात वेळा खाली ठेवली. न रागावता, न बोलता. डॉक्टरांचा सल्ला असा की एकदा जरी विरघळलात, तर आधीचं सगळं पाण्यात. दुसऱ्या रात्री चार वेळा. तिसऱ्या रात्री ती रडली आणि खरं सांगते, मीपण. पाचव्या रात्री तिने एक मोठा सुस्कारा सोडला, अगदी माणसासारखा, आणि घोंगड्यावर तीन गिरक्या घेऊन झोपली. रविवारी सकाळी चहा होईपर्यंत तिला वर यायची परवानगी आहे. ती तिने स्वतःच मिळवली, नवऱ्याला मस्का लावून.

चार्जर अकराव्या दिवशी बेडरूममध्ये परत आला. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी फक्त माझा चार्जर काढून त्याला प्लग मोकळा करून दिला.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलंच, ‘कुत्रं कुठं झोपतंय?’

‘खाली.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘हितं थंडी लई वाढल्या. सोप्यात तर गारठाच.’

मी म्हटलं, ‘आई, मग बोलव की आत.’

पलीकडे बराच वेळ फक्त ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.