पथ्य एकट्या बाईनेच का पाळायचे?

संधिवात झालेल्या बाईला सल्ला द्यायला सगळी वस्ती पुढे येते. वांगे सोड, आंबट बंद कर, हरभरा वातूळ, दही वर्ज्य. गार पाण्यात हात घालू नकोस, जड उचलू नकोस, विश्रांती घे, काळजी करू नकोस. पथ्याच्या छापील कागदांवरही हेच असते. त्या कागदावर एवढे मात्र कधीच नसते की, तिने जड उचलायचे नाही तर हंडा कोणी उचलायचा? गार पाण्यात हात घालायचा नाही तर धुणे कोणी धुवायचे?

आपण म्हातारपणी गुडघे झिजतात त्या आजाराबद्दल बोलत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. ऐन तिशी-चाळिशीतही तो गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पट अधिक होतो. आपल्याच जिल्ह्यात, दौंडच्या पलीकडे भिगवणला, पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांची माहिती घेतली. सुमारे ०.५ टक्के लोकांना, म्हणजे दर २०० प्रौढांमागे एकाला, हा आजार असल्याचे आढळले. तेव्हा हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार आहे, हा समज सोडून द्यावा.

या आजारात सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक वेळ बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही. आता पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीतली सकाळ डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पाळीचा डबा, पाणी भरणे, कणीक मळणे, भाकरी थापणे, मुलांची शाळा, आणि मग स्वतःची कंपनीची पाळी. बोटे सर्वात जास्त दुखतात त्याच वेळी घर त्या बोटांकडून सर्वात जास्त काम मागते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटे. दिनचर्या बदला म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब बदलावा.

आहाराचेही तसेच. वांग्याने किंवा आंबटाने हा आजार होतो याला शास्त्रीय आधार नाही. एखादीला एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल तर तिने तो टाळावा; पण सरसकट बंदीने मिळते काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच सर्वांच्या मागून जेवणारी, आठवड्याला दोन उपवास करणारी ही बाई. तिच्या ताटातून डाळ आणि दही काढून घेणे हे पथ्य नव्हे, उपासमार आहे. तिला भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, चालत असेल तर अंडी-मासळी, आणि जवसाची चटणी हवी. मासळीच्या तेलाने दुखणे थोडे कमी होते, असे अभ्यास सांगतात. तंबाखूपासून दूर राहावे. बिडी-सिगारेटने हा आजार होण्याचा धोका वाढतो. मिशरीने हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांच्या आजाराचा या संधिवाताशी संबंध आढळला आहे. सकाळी कोमट पाण्यात हात शेकावेत, सूज कमी असेल तेव्हा सांधे हलते ठेवावेत. याचा उपयोग होतो. पण आहाराने आजार बरा होतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कारण पथ्याच्या नादात जातात ते पहिले काही महिने, आणि औषधाचा सर्वात जास्त उपयोग तेव्हाच होतो. त्यानंतर झालेली सांध्यांची झीज भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट हे यावरचे मुख्य औषध महाग नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक ॲसिड आणि वेळोवेळी रक्ततपासणी लागते. दिवस राहण्याचा विचार असेल तर ती आधीच बंद करावी लागते. हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगितले पाहिजे, कारण मुलासाठी घाई बहुधा तिची नसते. 'हमखास गुण' देणाऱ्या पुड्यांत मात्र पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले सापडते. चार दिवस बरे वाटते, पुढे हाडे ठिसूळ होतात.

आणि हे सारे करूनही सांधे वाकडे झाले, की दोष तिचाच. 'पथ्य पाळले नसेल!' मग तिला माहेरी धाडायला सासर मोकळे, आणि कंत्राटदार नाव कापायला मोकळा.

म्हणून आपल्या गटांनी पथ्याचे कागद वाटणे थांबवावे आणि या गोष्टी मागाव्यात. ग्रामीण रुग्णालयात संधिवाताची ठरलेल्या दिवशी तपासणी, तिथेच औषध आणि रक्ततपासणी. त्यासाठी दर वेळी मजुरी बुडवून पुणे गाठायला लागू नये. कंत्राटी कामगार बाईलाही ईएसआयचे कार्ड. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन हा तिचा हक्क आहे. कारखान्यात बसून करायचे, बोटांवर ताण न येणारे काम. आणि घरात, सकाळची कणीक नवऱ्याने मळायची. ही शेवटची मागणी सरकारकडे नाही. ती आपल्याच उंबऱ्याच्या आत करायची आहे, आणि तिलाच सर्वात जास्त विरोध होईल. बैठकीत हा विषय काढाल तेव्हा बायकांबरोबर त्यांच्या घरच्या पुरुषांनाही बोलवा.