आवळा, रसायन आणि ‘अँटिऑक्सिडंट’चे लेबल

कार्तिकानंतर किनवटच्या बाजारात रानचा आवळा येऊ लागतो. त्याच सुमारास औषधी दुकानांत ‘अँटिऑक्सिडंट’ ही अक्षरे ठळकपणे मिरवणारे च्यवनप्राशाचे डबे आणि परदेशी बेरींच्या कॅप्सूल मांडल्या जातात. या शब्दाचा आधार घेण्यापूर्वी वैद्यबंधूंनी व औषधी विक्रेत्यांनी तो पारखून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

परीक्षानळीत आवळ्यातील टॅनिन्स किंवा जांभळाच्या सालीतील अँथोसायनिन्स मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात, हे खरे. शरीरात मात्र यांतील बरीच द्रव्ये अल्प प्रमाणातच शोषली जातात. पुष्कळशा भागाचे आतड्यातील जीवाणू विघटन करतात. रक्तात पोचलेल्या एवढ्याशा अंशाने मूलकांशी थेट झुंज द्यावी, ही अपेक्षा फोल आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ओरॅक’ या परीक्षानळीतील मोजमापाची यादी २०१२ मध्ये मागे घेतली ती याच विचाराने. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट अधिक आढळला. ते निष्कर्ष १९९४ चे.

आता संशोधकांचे लक्ष पेशीच्या आतील व्यवस्थेकडे वळले आहे. ही द्रव्ये पेशीला सौम्य इशारा देतात. ‘कीप-१’ या प्रथिनाने रोखून धरलेले ‘एनआरएफ-२’ सुटते, केंद्रकात शिरते आणि पेशी स्वतःच संरक्षक विकरे व ग्लुटाथायॉन अधिक निर्माण करते. रसायनाच्या कल्पनेशी हे अधिक जुळते, असे आमचे मत. परंतु जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. हा पुरावा मुख्यतः पेशी व प्राणी यांवरील आहे.

चरकाचार्यांनी वयःस्थापन द्रव्यांत आवळ्यास अग्रस्थान दिले, च्यवनप्राशास ५०० फळे सांगितली. पण फळ योग्य काळी तयार झालेले, रसवीर्याने परिपूर्ण असावे, हीही त्यांची अट आहे. तिची आठवण कोणी ठेवीत नाही! ‘आपण थांबलो तर दुसरा नेईल’ या धास्तीने कोवळी फळे फांद्यांसकट तोडली जातात आणि त्यांचीच आवळकाठी पोत्यांनी विकली जाते. लेबलावरील शब्दांपेक्षा आम्हांस या पोत्याची चिंता अधिक वाटते. औषधनिर्मात्यांनी पक्व फळास चढा भाव द्यावा व कोवळा माल परत पाठवावा.

विक्रेत्यांना आणखी एक विनंती. मधुमेह वा कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. आवळारस सुरू केला म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करू पाहणाऱ्यास थांबवावे, आणि किरणोपचार वा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास त्याच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल देऊ नये.