नकाशा आणि गाऱ्हाणें

गेल्या महिन्यांत आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत एका तरुण व हुशार गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय होता मोठ्या संस्थांच्या सॉफ्टवेअरची रचना. व्याख्याते एका बड्या कंपनींत 'आर्किटेक्ट' आहेत. वाणी अस्खलित, आणि पडद्यावरील चौकटी व बाण इतके रेखीव कीं, कोणाहि चित्रकाराने मान डोलवावी. बँका, विमाकंपन्या, सरकारी खातीं यांच्या संगणकव्यवस्था वारंवार कां कोसळतात, या प्रश्नाला त्यांचें उत्तर एकच होतें : रचना जुनी, एकसंध व अवजड आहे म्हणून. तिचे लहान लहान स्वतंत्र तुकडे करा, ते 'क्लाउड'वर ठेवा, म्हणजे रोग गेला! शेवटीं प्रश्नांची मुभा होती. मीं विचारलें, "खिडकीवर बसलेला कारकून म्हणाला कीं, यंत्र दाखवितें तो हिशेब चुकीचा आहे, तर त्याचें हें म्हणणें तुमच्या नकाशांतील कोणत्या बाणानें कोठें जातें?" ते हंसून म्हणाले, "सर, तो आर्किटेक्चरचा प्रश्न नव्हे, तो सपोर्टचा." सभागृहालाहि हंसूं आलें. मी खालीं बसलों. पण उत्तर मला पटलें नाहीं, आणि तें कां पटलें नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

मी तर्कशास्त्राचा अध्यापक. संगणकाच्या आज्ञावलीची एक ओळ मला लिहितां येत नाहीं, हें आधींच कबूल करतों. तेव्हां मीं या प्रांतांत तोंड घालणें कांहींना अधिकप्रसंग वाटेल. परंतु या धंद्यांतला जो सिद्धान्त मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यंत्राविषयीं नाहींच. तो माणसांच्या बोलण्याचालण्याविषयीं आहे. मेल्विन कॉन्वे या अमेरिकन गृहस्थांचा एक लेख १९६८ च्या एप्रिलांत 'डेटामेशन' या नियतकालिकांत आला. त्यापूर्वीं 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'नें, लेखकानें आपलें म्हणणें सिद्ध केलेलें नाहीं असें सांगून, तो परत केला होता. (साभार परत आलेल्या लेखांचा इतिहास कोणी लिहील तर या लेखाला त्यांत मानाचें पान द्यावें लागेल.) कॉन्वे यांचें म्हणणें असें कीं, कोणतीहि संस्था जी व्यवस्था रचते, तिचा आकार त्या संस्थेंतील माणसांच्या परस्पर दळणवळणाच्या आकारासारखाच उतरतो. त्यांनीं दिलेलें उदाहरण मोठें गमतीचें आहे. एका ठिकाणीं आठ माणसांना दोन कंपायलर तयार करावयाचे होते, एक कोबॉल भाषेसाठीं व दुसरा अल्गॉलसाठीं. पांच जण पहिल्या कामावर नेमले, तीन दुसऱ्या. कोबॉलचा कंपायलर पांच टप्प्यांचा झाला, अल्गॉलचा तीन टप्प्यांचा! पुढें १९७५ सालीं फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं आपल्या ग्रंथांत याला 'कॉन्वेचा नियम' असें नांव दिलें, आणि तेंच रूढ झालें.

आमच्या व्याख्यात्यांनीं हा नियम सांगितला, पण अर्धाच. माणसांच्या लहान तुकड्या करा म्हणजे यंत्राचेहि सुटसुटीत तुकडे होतील, एवढा सोयीचा अर्थ त्यांनीं घेतला. त्याच नियमाचा दुसरा अर्थ मात्र कडू आहे. ज्या संस्थेंत वरिष्ठाला अप्रिय गोष्ट सांगण्याची सोय नाहीं, तिच्या यंत्रांतहि ती सोय नसते.

चित्र उचलावें आणि त्याखालचा मजकूर वाचूं नये, ही या धंद्याची जुनीच खोड दिसते. १९७० सालीं विन्स्टन रॉइस यांनीं एका निबंधांत कामाच्या पायऱ्या एकीखालीं एक अशा काढून दाखविल्या, आणि लगेच पुढें बजावलें कीं, या सरळ उतरत्या क्रमानें काम करणें धोक्याचें आहे. जगानें चित्र घेतलें, इशारा सोडला, आणि 'वॉटरफॉल' या नांवानें त्याच पद्धतीचा कित्येक वर्षें पुरस्कार केला. त्याविरुद्ध २००१ च्या फेब्रुवारींत यूटा संस्थानांत सतरा जणांनीं 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. त्यांचा भर कार्यपद्धतीपेक्षां माणसांवर होता. आज माझे जुने विद्यार्थी सांगतात कीं, रोज सकाळीं पंधरा मिनिटें उभें राहून काल काय केलें तें सांगावयाचें, एवढाच त्याचा अवशेष अनेक कचेऱ्यांत उरला आहे, म्हणजे हजेरीच! लहान तुकड्यांच्या रचनेचेंहि तेंच होऊं पाहत आहे. २०२३ सालीं ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागानें चित्रणाची प्रत तपासणारी आपली एक व्यवस्था तुकड्यांतून काढून पुन्हा एकसंध केली, आणि खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक उतरल्याचें स्वतःच प्रसिद्ध केलें. यावरून तुकडे वाईट असें मी म्हणत नाहीं. औषध बदललें म्हणजे निदान झालें असें होत नाहीं, एवढेंच म्हणणें आहे.

निदान करावयाचें तर प्रेतपरीक्षेचे कागद पाहावे लागतात. नाइट कॅपिटल ही अमेरिकेंतील शेअरव्यवहार करणारी एक मोठी पेढी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजीं तिनें नवी आज्ञावली सुरू केली. आठांपैकीं सात यंत्रांवर ती चढली. आठव्यावर जुनीच राहिली, आणि बाजार उघडतांच कित्येक वर्षें निजलेला एक जुना भाग त्या यंत्रांत जागा झाला. पाऊण तासांत पेढी चाळीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेला बुडाली. येथवरची कथा सर्व जण सांगतात. पण अमेरिकन नियामक मंडळानें २०१३ सालीं काढलेल्या आदेशांत एक बारीक गोष्ट आहे. त्या सकाळीं, बाजार उघडण्यापूर्वीं, पेढीच्याच यंत्रणेनें नोकरवर्गाला या दोषाचा उल्लेख असलेलीं ९७ पत्रें आपोआप पाठविलीं होतीं. तीं कोणी पाहिलीं नाहींत, कारण तसलीं पत्रें पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें. यंत्र बिचारें सांगत होतें!

नाइट कॅपिटलमध्यें पैसा गेला. इंग्लंडांत माणसें गेलीं. तेथील पोस्टखात्यानें १९९९ पासून 'होरायझन' नांवाची हिशेबाची व्यवस्था शाखाशाखांतून बसविली. ती पुढें फुजित्सू कंपनीच्या हातीं होती. खेडोपाडीं दुकानाच्या एका कोपऱ्यांत पोस्ट चालविणारे जे स्त्रीपुरुष, त्यांच्या हिशेबांत अकस्मात् तूट दिसूं लागली. करार असा कीं, तूट आली तर ती चालकानें भरावी. घरें गहाण पडलीं, कुटुंबें मोडलीं, शेजाऱ्यांनीं चोर ठरविलें. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर व खोटे हिशेब या आरोपांखालीं दोषी ठरविण्यांत आलें. त्यांतले बहुतेक खटले पोस्टानें स्वतःच फिर्यादी होऊन चालविले. किमान तेरा जणांनीं या छळापायीं आत्महत्या केली असावी, असें २०२५ च्या जुलैंत प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालांत नमूद आहे.

मदतीसाठीं दूरध्वनि करणाऱ्या कित्येकांना उत्तर मिळे कीं, अशी अडचण फक्त तुमच्याच शाखेंत आहे. फॉल्कर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेंत आढळलेला दोष फुजित्सूच्या माणसांना ठाऊक होता. ज्ञात दोषांची एक नोंदवहीच त्यांच्याकडे होती. म्हणजे गाऱ्हाणें ऐकणारा एका खोलींत, दोष जाणणारा दुसऱ्या खोलींत, खटला भरणारा तिसऱ्या, आणि तिन्ही खोल्यांमध्यें दार नाहीं. कॉन्वेचा नियम याहून स्पष्ट अक्षरांत कोठें लिहिला आहे?

"ही व्यवस्थापनाची चूक, रचनेची नव्हे," असें आमचे व्याख्याते म्हणतील. त्यांनीं या व्यवस्थेंतली एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तूट दिसली असतां चालकाला हिशेब मिटवून पुढचा कालखंड उघडण्यास मार्ग कोणते होते? रक्कम भरा, किंवा ती आपल्या नांवावर मध्यवर्ती खात्यांत दाखवा. 'हा आंकडा मला मान्य नाहीं' असें म्हणण्याची कळच त्या यंत्रांत ठेवलेली नव्हती. उलट, दूर बसलेल्या फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शाखेच्या हिशेबांत हात घालण्याची सोय मात्र होती, आणि ती आहे हें पोस्ट अनेक वर्षें नाकारीत राहिलें. एकाला न दिसतां लिहितां येतें, दुसऱ्याला दिसून नाकारतां येत नाहीं! हें जर आर्किटेक्चर नव्हे, तर आर्किटेक्चर म्हणजे काय?

न्यायालयें तरी काय करीत होतीं? पूर्वीं इंग्लंडांत संगणकाचा कागद पुराव्यांत आणावयाचा तर यंत्र नीट चालत होतें हें दाखवावें लागे. १९९९ च्या एका कायद्यानें ती अट गेली, आणि यंत्र नीट चालतें हें गृहीत धरलें जाऊं लागलें. आपल्या नैयायिकांनीं शब्दाला प्रमाण मानलें खरें, पण तें आप्ताच्या शब्दाला. आणि आप्त म्हणजे जो यथार्थ जाणतो व यथार्थच सांगतो तो. इंग्रज कायद्यानें संगणकाला परीक्षा न घेतांच आप्तपद दिलें. अखेर ५५५ चालकांनीं मिळून दावा लावला, तेव्हां २०१९ च्या डिसेंबरांत उच्च न्यायालयानें होरायझनमध्यें दोष होते असें ठरविलें आणि पोस्टाच्या हट्टाची तुलना पृथ्वी सपाट आहे असें धरून बसणाऱ्यांशीं केली. सरसकट निर्दोषत्वासाठीं पार्लमेंटला २०२४ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत यंत्र नीट चालत असल्याचें प्रमाणपत्र लागतें व त्यावर तज्ज्ञाचीहि सही लागते, ही गोष्ट चांगली. पण यंत्र ज्याच्या ताब्यांत, प्रमाणपत्र बहुधा त्याचेंच. आणि समोरच्या कारकुनाच्या 'नाहीं'ला त्यांत रकाना नाहीं.

माझी मागणी फार मोठी नाहीं. प्रत्येक आंकड्यासमोर तो नाकारण्याची कळ असावी. नाकारलेला आंकडा वादाचा म्हणून बाजूला राहावा, आणि निकाल लागेपर्यंत कोणाच्या नांवावर चढूं नये. ती तक्रार आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर, मध्यें कोणी 'बंद' असा शेरा न मारतां, पोंचावी. एकच तक्रार दहा ठिकाणांहून आली तर तें दहाहि जणांना दिसावें. यासाठीं तुकडे करा कीं एकसंध ठेवा, माझी हरकत नाहीं.

व्याख्यानानंतर चहा झाला, तेव्हां मीं त्या गृहस्थांना विचारलें कीं, आपण ज्या बँकेची व्यवस्था रचली, तिच्या शाखेंत खिडकीमागें केव्हां बसलां आहां काय? सहा वर्षांत एकदांहि नाहीं, असें ते प्रांजळपणें म्हणाले. खिडकी सकाळीं दहाला उघडते, एवढें मीं त्यांना सांगितलें.