फटफटी शोभेची नसते, बॉस!

क्रोम चकाचक. टाकीवर नवा कोरा रंग, सीटला नवं रेक्झिन. फोटोवर लाइक्सचा पाऊस. आणि किक मारली की... शांतता! रिस्टोअर केलेल्या बाइकवाल्यांचं हे कॉमन दुखणं आहे. हजारो रुपये बाहेरच्या रूपावर खर्च होतात, मग गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपते.

कोथरूडच्या माझ्या एका आयटीवाल्या मित्राकडे बाबांची येझदी आहे. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी बनवल्या, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे नवी येझदी २०२२ मध्ये बाजारात आली असली, तरी जुनीतली सर्वांत तरुणसुद्धा आता तिशीची! मित्राची गाडी रिस्टोअर होऊन दोन वर्षं जागेवरच उभी होती. एका कॅफेवाल्याने भिंतीवर टांगायला चांगली किंमतही लावली. बाबा एवढंच म्हणाले, “बंद असेल तर दे. चालू झाली तर नाही.”

झालं! रविवार सकाळ, एक जुनेजाणते मेकॅनिक काका आणि आमची गँग. काकांचा फंडा सिंपल होता. आधी किक नाही, आधी टाकी रिकामी. उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलचा पाइप नवा, कॉकची जाळी साफ. कार्ब्युरेटर उघडला तर बारीक जेट चिकट मेणाने गच्च!

मग करंट. येझदीचं इग्निशन ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. बॅटरी मेली की बाकी सगळं ठणठणीत असून उपयोग शून्य. काकांनी कॉन्टॅक्ट पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरची फट लावली. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, प्लग हेडला टेकवून किक मारली. निळी ठिणगी!

टाकीत ताजं पेट्रोल आणि मापात टू-टी ऑइल गेलं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, तिथे कंजुसी केली की पिस्टन जाम. किकचा दांडा आत दाबून वर वळवला (हाच पुढे गिअरचा होतो, हीच तर स्टाइल!). चौथ्या किकला पांढरा धूर आणि दोन सायलेन्सरचा तो आवाज. बाबा वरच्या गॅलरीतून चपला न घालताच खाली आले! कॅफेवाल्याला त्याच संध्याकाळी नकार कळवला गेला.

तुमच्याकडेही अशी एखादी असेल तर थोडं लक्ष द्या. सुरू झाल्यावर इंजिन आपोआप रेस होत असेल तर लगेच बंद करा. क्रँकचे ऑइल सील वाळून हवा खेचत असतील. ब्रेक आणि टायर बघितल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर तडकलेलं असू शकतं.

कागदांचंही बघा. नेहमीचं आरसी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. ५० वर्षांवरच्या ओरिजिनल गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ सिरीजचा खास नंबर मिळतो, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, मेंटेनन्स वगैरेपुरतीच!

आणि शेवटचं, सगळ्यांत स्वस्त औषध. पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारा. महिनोन्महिने उभी ठेवायचीच असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, बॅटरी काढून चार्जवर ठेवा. पॉलिशने गाडी चमकते. जगते ती चालवल्यानेच!