दवाखान्याआधीचा अर्धा तास

मैत्रिणींनो, पावसाळा सुरू झाला की वाशी, भूम, कळंबच्या शिवारात सोयाबीनची खुरपणी निघते आणि तिच्या पाठोपाठ विंचू-सापाची भीतीही घरात शिरते. खुरपायला बसते ती बाई, गोवऱ्या काढते ती बाई, सरपणाच्या ढिगात हात घालते तीही बाईच. म्हणून आजचं हे पान खास तुमच्यासाठी.

आधी एका डॉक्टरांची ओळख करून घेऊ. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. १९७६ च्या सुमारास ते कोकणात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली धडधाकट मुलं काही तासांत डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी बसून राहिले आणि दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास टिपत गेले. त्यातून उमगलं, की विंचवाच्या विषाने शरीरातली ‘धावपळीची रसायनं’ एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्रॅझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांत पूर्वी १०० पैकी २५ ते ३० जण दगावत, तो आकडा एकाच्या आसपास उतरला. त्यांचे लेख १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीने आहेत. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं डॉक्टरांचं झालं, आम्ही काय करायचं? तर त्यांच्या टिपणांतली सर्वांत मोलाची गोष्ट आईलाच उपयोगी पडणारी आहे. विंचू चावल्यावर मूल वेदनेने नुसतं ओरडतंय, तर त्यामानाने धोका कमी. पण त्याला उलट्या होतायत, दरदरून घाम फुटलाय, लाळ गळतेय, हातपाय गार पडलेत, तर ‘ओरडायचं थांबलं, म्हणजे उतरलं’ असं समजू नका. ही विष भिनल्याची खूण आहे. पुढे खोकला आणि धाप लागते. तेवढी वाट पाहायची नाही, आधीच निघायचं. दवाखान्यात प्रॅझोसिन दिल्यावर मूल रडलं तरी कडेवर उचलून घेऊ नका, आडवंच राहू द्या. उभं धरलं की रक्तदाब एकदम खाली येतो. आणि हे औषध घरच्या घरी मुळीच द्यायचं नाही, बरं का!

आता साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपले चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा ना दुखतं, ना सुजतं. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणं अडखळलं, तर ‘अपचन झालं’ म्हणून ओवा देत बसू नका. दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला अलगद बांधून हलू देऊ नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. रुग्णाला चालवू नका. साप मारून आणायचीही गरज नाही.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवतात. ‘आमचं माणूस मरतंय आणि हे नळी बघत बसलेत!’ असं म्हणून भांडू नका. रक्त गोठतं की नाही, यावरच पुढचा उपचार ठरतो. तसंच, तुमच्यामागून आलेल्याला आधी आत घेतलं तर रागावू नका. तातडीच्या विभागातली रांग आगमनाची नसते, जिवाला किती धोका आहे याची असते. हे शास्त्र आपल्याकडे एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून २००९ साली मान्य झालं. ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का, सापाची लस फ्रिजमध्ये आहे का, हे रोज पाहणं हासुद्धा त्याचाच भाग. तुम्ही सणाच्या आधी डबे तपासता ना, तसंच!

राहिला मांत्रिकाचा प्रश्न. घरातली थोरली माणसं म्हणतील, ‘आधी उतरवून घेऊ.’ त्यांच्याशी वाद घालू नका. मंत्राने बरे झालेले दिसतात, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. पण आपल्या माणसाला कोणता चावला, हे आपण कसं ठरवणार? म्हणून एवढंच म्हणा, ‘आत्याबाई, आधी सुई टोचून घेऊ. तुमचा अंगारा गाडीतच लावू.’ मानही राहतो आणि वेळही वाचतो.

१०८ ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. फोनवर गावाबरोबर जवळचा फाटा, शाळा किंवा देऊळही सांगा. धुळे-सोलापूर महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो, पण वस्तीवरची वाट गाडीला कोण दाखवणार? एका माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा.

आज स्वयंपाक उरकला की गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर १०८ मोठ्या अक्षरात लिहा. आणि वाचता न येणाऱ्या सासूबाईंनाही तो तोंडपाठ करून घ्या. तीनच तर आकडे आहेत!