डासाला जात नाही, पण नळाला आहे!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि पाठोपाठ पालिकेचे पथक आले. पथकातल्या साहेबांनी पहिल्याच गल्लीत एका मावशीच्या दारातल्या पिंपावर टॉर्च मारला. अळ्या दिसल्या. साहेबांनी काही न विचारता दोन माणसे लावून दोनशे लिटरचे पिंप आडवे केले. पाणी गल्लीतून वाहत उघड्या नालीत गेले. मावशी म्हणाल्या, "साहेब, आठ दिवसांचं पाणी होतं ते. आता लेकरांना काय पाजू?" साहेबांचे उत्तर होते, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही, म्हणून शहरात रोगराई पसरते."

'तुम्ही लोक'. आमचे भांडण या दोन शब्दांशी आहे.

आधी विज्ञानाचे बोलू, कारण साहेबांचे विज्ञानच कच्चे होते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास घाणीत वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप, रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर ही त्याची घरे. शहरात मलेरिया पसरवणारा अॅनाफिलीसही विहिरीत आणि झाकण नसलेल्या टाकीत वाढतो. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्रभर झोपू देत नाही आणि हत्तीरोग पसरवतो. म्हणजे मावशीच्या पिंपात अळ्या सापडल्या, याचा अर्थ तिचे घर घाणेरडे असा होत नाही. तिने पाणी स्वच्छ ठेवले होते आणि ते फार दिवस ठेवावे लागले होते, एवढाच होतो.

फार दिवस का ठेवावे लागले? आता हिशेब बघा. आपल्याकडच्या उकाड्यात एडिसच्या अंड्याचा डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून सरकार सांगते, आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळा. सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण मराठवाड्यातल्या आमच्या शहरात वस्तीच्या नळाला पाणी येते आठव्या दिवशी! ज्याच्या नळाला रोज पाणी येते, त्याच्यासाठी कोरडा दिवस म्हणजे अर्ध्या तासाचे काम. आठ दिवसांनी पाणी मिळणाऱ्या बाईने पिंप मध्येच कोरडे केले तर उरलेले दिवस तिच्या घरातल्यांनी काय प्यायचे? डासाचे वेळापत्रक आणि नळाचे वेळापत्रक जुळले आहे. हे वेळापत्रक मावशीने बनवलेले नाही, पाणीपुरवठा विभागाने बनवले आहे. मग नोटीस मावशीला का?

इथे कोणीतरी म्हणणारच, "प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? डास काय जात बघून चावतो का?" नाही चावत. एडिस शे-दोनशे मीटर उडतो आणि वाटेत जो भेटेल त्याला चावतो. पण पाइपलाइन कुठल्या गल्लीपर्यंत येते, बंदिस्त गटार कुठे संपते आणि उघडी नाली कुठून सुरू होते, हे डास ठरवत नाही. शहराचा नकाशा घेऊन बसा. पाणी जिथे शेवटी पोहोचते आणि सांडपाणी जिथे आधी पोहोचते, तिथे कोण राहते ते पाहा. गावकुसाबाहेरचा महारवाडा-मांगवाडा शहरात आला आणि त्याचे नाव 'स्लम' झाले.

पाण्याचा हा प्रश्न आम्हाला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळे सार्वजनिक होते, तरी अस्पृश्यांना बंदी होती. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी काय केले? शेण-गोमूत्र टाकून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पाण्यात शेण टाकले की ते शुद्ध होते आणि माणूस ओंजळभर पाणी प्यायला की ते बाटते! या उलट्या डोक्याची आठवण ठेवा, कारण ते डोके अजून मेलेले नाही. आज ते धूर सोडते.

धूरफवारणीचा तमाशा सगळ्यांनी पाहिला आहे. यंत्र घरघरत येते, पांढरा धूर होतो, मागे पोरे धावतात, नगरसेवकाचा फोटो निघतो. त्या धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. पाण्यातली अळी आणि कोष यांना काहीही होत नाही. दोन-चार दिवसांत नवे डास बाहेर पडतात. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे दडून बसतो. रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. साथ भडकलेली असताना फवारणीला जागा आहे, हे मान्य. पण वर्षभर पाणी आणि गटाराचे काम न करता साथीच्या दिवसांत धूर सोडणे हा आरोग्य कार्यक्रम नव्हे, तो शुद्धीकरणाचा विधी आहे. आणि यंत्र खांद्यावर घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून तो धूर दिवसभर कोण खातो? आमच्याच वस्तीतला कंत्राटी पोरगा. मास्क नाही, विमा नाही.

त्याच दिवशी रस्त्यापलीकडच्या बंगल्यांच्या कॉलनीत पथक गेले का? गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केले, साहेबांनी सही केली आणि परत फिरले. आत बंद पडलेले कारंजे आहे, कुंड्यांच्या बशा आहेत, कोपऱ्यावर अर्धवट इमारत आहे आणि तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी आहे. तिथला एडिसही शे-दोनशे मीटर उडतो. पण तिथे 'तुम्ही लोक' म्हणायची हिंमत कोणाची नाही. तिथे ताप आला तर खाजगी दवाखाना. इथे ताप आला तर आठ दिवसांचा खाडा आणि सावकार.

पण मित्रांनो, दुसऱ्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होणार असू, तर बाबासाहेबांचे नाव घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. पथक गेल्यावर आम्ही कार्यकर्ते टॉर्च घेऊन निघालो आणि पहिल्यांदा आपल्याच विहारामागची टाकी उघडली. अळ्या वळवळत होत्या! जयंतीच्या मंडपाला लाख रुपये जमतात आणि टाकीच्या झाकणाला पैसे नाहीत, ही आपली लाज आहे.

म्हणून आम्ही वस्तीत काय ठरवले ते सांगतो. नळाचा दिवस हाच कोरडा दिवस. नवे पाणी भरण्याआधी पिंप रिकामे करून आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासायची. नुसते विसळून भागत नाही, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. भरल्यावर तोंडाला जुन्या साडीचे दुहेरी फडके दोरीने घट्ट बांधायचे. मधेच अळ्या दिसल्या तर पाणी ओतू नका. फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा आणि अळ्या कोरड्या मातीवर झटका, त्या तिथेच मरतात. संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. वापराच्या मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा; ते हिवताप विभागाकडून मागून घ्या. लहान लेकरू आणि बाळंतीण दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

हे आपले काम झाले. पण फडके हे नळाला पर्याय नाही. संविधानाच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, स्वच्छता आणि झोपडपट्टी सुधारणा ही नगरपालिकांची कामे म्हणून लिहिली आहेत. म्हणून प्रत्येक वस्तीतून माहिती अधिकाराचा एक अर्ज गेला पाहिजे. कोणत्या प्रभागाला आठवड्यात किती तास पाणी मिळते? बंदिस्त गटार कुठवर झाले? वर्षभरात अळ्यांची तपासणी किती घरांत झाली, किती बंगल्यांत आणि किती बांधकामांवर? उत्तरे आली की ती विहाराच्या फळ्यावर लावा. मग बघू 'तुम्ही लोक' कोण ते.

पुढच्या वेळी पिंप आडवे करायला कोणी आले, तर भांडू नका. शांतपणे विचारा, "साहेब, पाणी परत कधी येणार, ते आधी लिहून द्या."

जयभीम!